साय धरायच्या आत

आमच्या सुभेदारांना कुणी "किती वाजले?" म्हणून विचारलं, तर ते आधी विचारणाऱ्याला नखशिखान्त न्याहाळत, मग मनगट डोळ्यांजवळ नेऊन "सोळाशे तीस" असं सांगत, आणि समोरच्यानं ते परत म्हणून दाखवल्याशिवाय त्याला जाऊ देत नसत. दारावर येणारी भाजीवाली रोज न चुकता त्यांना वेळ विचारायची, "सोळाशे तीस" म्हणून दाखवायची, आणि मग जिन्यावर बसलेल्या मला हळूच म्हणायची, "ताई, म्हंजी किती वाजलं?" मी साडेचार म्हटलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. तरी दुसऱ्या दिवशी विचारायची ती त्यांनाच.

ते आमचे घरमालक. सांगलीत मार्केट यार्डापासून चालत दहा मिनिटांवर त्यांचं छोटं घर होतं. खाली ते एकटे आणि वरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं, मी, नवरा आणि सहा वर्षांची मुलगी. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सुभेदार मूळचे साताऱ्याजवळच्या एका खेड्यातले. अठ्ठावीस वर्षं त्यांनी फौजेत सिग्नल्समध्ये काढली होती. तारा ओढायच्या, टेलिफोन जोडायचे आणि इकडचा निरोप तिकडे पोचवायचा, हे त्यांचं काम. बायको वारलेली, मुलगा साताऱ्यात शाळेत मास्तर. मुलगा-सून त्यांना सारखं राहायला बोलवत आणि हे सारखं "पुढच्या म्हैन्यात" म्हणत. एरवी मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारा हा माणूस या एका बाबतीत कधी तारीख देत नसे.

निरोप नेमका पोचला पाहिजे, हे त्यांचं वेडच होतं. मी मुलीला वरून हाक मारून "येताना कोथिंबीर आण" म्हटलं, तर सुभेदार अंगणातून म्हणत, "रिपीट कर." मुलगी म्हणे, "येताना कोथिंबीर आण." मग ते मला विचारत, "किती?" मी म्हणे, "एक जुडी." की पुन्हा मुलीला, "रिपीट कर." कोथिंबीर येईस्तोवर आमटी उतरलेली असायची. माझा नवरा मितभाषी माणूस. पण तोही एकदा वैतागून म्हणाला, की या घरात शिंकायचं झालं तरी दोनदा शिंकावं लागेल.

नवरा कामाला होता ती सूतगिरणी बंद पडली ते वर्ष आम्हाला फार वाईट गेलं. माझं माहेर सातारा, सासर वाई. वाईला सासऱ्यांचं किराणा दुकान, ते थोरले दीर बघत. सासऱ्यांचं पत्र आलं. त्यात राग नव्हता, पण एक मुदत होती. दिवाळीपर्यंत तिकडे काही जमतंय का बघा, नाहीतर गुमान इकडे या, थोरल्याच्या हाताखाली काम आहेच. वाचणाऱ्याला हे मायेचंच वाटेल आणि ते होतंही. पण मला त्या घरातलं स्वयंपाकघर माहीत होतं. तिथे मी नऊ महिने काढले होते आणि त्या नऊ महिन्यांत चहात साखर किती घालायची, हेसुद्धा मी एकदाही स्वतःच्या मनानं ठरवलं नव्हतं. मी नवऱ्याला सांगून टाकलं, की मी काय वाटेल ते करीन, पण वाईला परत जाणार नाही. काय वाटेल ते म्हणजे काय, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

ते सुभेदारांनी ठरवलं, आणि तेही माझ्या हातच्या कॉफीला नावं ठेवून. पत्राची बातमी ऐकून ते वर आले तेव्हा मी त्यांना आईच्या पद्धतीची कॉफी दिली, दुधात उकळलेली, जायफळ-वेलदोडा घातलेली. त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "ही कॉफी न्हाई पोरी. हे आजाऱ्याचं औषध हाय." दुसऱ्या दिवशी ते दोन मजली पितळी डबा घेऊन आले. वरच्याला बारीक भोकं, खालच्यात अर्क उतरायचा. फौजेत तंजावरकडच्या एका हवालदारानं त्यांना ही कॉफी शिकवली होती. मी उकळतं पाणी ओतलं आणि सवयीनं डबा हलवून बघायला गेले. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "कॉफी हुकूम मानत न्हाई. थेंबाथेंबानं येती. तू नुसतं थांबायचं." मग आम्ही दोघं एका पितळी डब्याकडे बघत पंधरा मिनिटं बसून राहिलो. नवरा आत आला, बघून बाहेर गेला.

यार्डात त्यांचा एक गाळा रिकामा पडला होता. कधीकाळी तिथे बारदानाचं गोदाम करायचा बेत होता, तो बारगळला होता. सुभेदार म्हणाले की यार्डात चहाच्या टपऱ्या आहेत सात, कॉफी कुणी देत नाही, तेव्हा तू कॉफी टाक. मी म्हटलं, काका, गाळ्यात बसेन मी, पण हळदीच्या आणि गुळाच्या पेढ्यांवर जाऊन "कॉफी हवी का" म्हणून मला विचारता यायचं नाही. तेव्हाच्या यार्डात बाईमाणूस दिसायचं ते हळद निवडायला बसलेलं. टपरीवाले पेढीपेढीवर फिरून, आरोळ्या देऊन चहा खपवत. ते मला जमणारं नव्हतं आणि जमलं असतं तरी वाईला त्याची बातमी माझ्याआधी पोचली असती.

माझा नवरा तेव्हा संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला जात होता. त्यानं सहज सांगितलं, की तिकडे परदेशात आता लोक घरी बसून कॉम्प्युटरवर मागणी टाकतात आणि वस्तू दारात येते. सुभेदारांनी त्याला हे दोनदा सांगायला लावलं. मग बराच वेळ मिशीवरून बोट फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "मागणाऱ्यानं जाग्यावरनं मागायचं, देणाऱ्यानं जाग्यावर ऐकायचं. त्याला कॉम्प्युटर कशाला? तार पायजे."

तिथून पुढे दोन महिने आमच्या घरात दुकान निघत नव्हतं, मोहीम निघत होती. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी मार्केट यार्डाचा नकाशा काढला. प्रत्येक पेढी, प्रत्येक खांब, कुठे बैलगाड्या उभ्या राहतात, कुठे हमालांची गर्दी होते, सगळं लाल पेन्सिलीनं. मार्केटच्या कचेरीत ते तारा टाकायच्या परवानगीचा अर्ज तीन प्रतींत घेऊन गेले. एक पुरे होती, पण त्यांनी तिन्ही घ्यायला लावल्या. पुण्याच्या जुन्या बाजारातून ते फौजेतून बाद झालेले सात टेलिफोन घेऊन आले. काळे, जड, बाजूला दांडा. दांडा फिरवला की तारेवरच्या सगळ्या यंत्रांची घंटा वाजायची. एक माझ्या गाळ्यात आणि सहा सहा पेढ्यांवर.

सहाच का, याचं उत्तर ऐकून मी कपाळाला हात लावला होता. सुभेदार रोज सकाळी काठोकाठ भरलेला कॉफीचा कप हातात घेऊन गाळ्यापासून चालायला लागायचे आणि कपावर साय धरली की थांबायचे. जिथे थांबतील तिथे जमिनीवर खडूनं रेघ. चार दिवस सगळा बाजार ही फौजी कवायत बघत होता. पाचव्या दिवशी त्यांनी निकाल दिला, की साय धरायच्या आत कॉफी पोचते अशा पेढ्या सहा. त्यांनाच फोन.

रेघेच्या पलीकडे पहिलीच पेढी होती ती बाजारातल्या एका बड्या शेठांची. त्यांनी निरोप पाठवला की आम्हालाही यंत्र हवं. सुभेदार स्वतः जाऊन त्यांना नाही म्हणून आले. तुमच्यापर्यंत येता येता साय धरते, म्हणाले. शेठ हसले, पण त्यांना ते लागलं. मी सुभेदारांना म्हटलं की झाकण घालू की किटलीला, एवढ्या मोठ्या माणसाला कशाला दुखवायचं? त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी झाकणाचा विषय पुन्हा काढला नाही. पुढे शेठ स्वतःच रोज गाळ्यावर चालत यायला लागले. उभ्यानं कॉफी घ्यायचे आणि दोन शब्द बोलून जायचे.

फोनवर पेढीचं नाव घ्यायचं नाही, हाही सुभेदारांचाच नियम. प्रत्येकाला सांकेतिक नाव हवं. त्यांनी सहा पक्ष्यांच्या चिठ्ठ्या केल्या आणि मुलीला उचलायला लावल्या. मोर, घार, बगळा, पोपट, चिमणी, कावळा. गुळाचे एक व्यापारी होते, दारातून आडवे होऊन आत शिरावं लागे असे, त्यांच्या वाट्याला चिमणी आली. ज्यांना कावळा आला ते रुसले. त्यांना सुभेदारांनी पितृपंधरवड्यात कावळ्याचा मान केवढा असतो ते समजावून सांगितलं. महिन्याभरात ही नावं बाजाराच्या अंगवळणी पडली. घंटा वाजायची, मी रिसीव्हर उचलायची आणि पलीकडून भारदस्त आवाज यायचा, "चिमणी बोलतोय. तीन कॉफी, एक बिनसाखर." मी ते परत म्हणून दाखवायची. हसू यायचं, पण हसायची सोय नव्हती, कारण सुभेदार शेजारी उभे.

दुकान उघडायला त्यांनी मुहूर्त धरला नागपंचमीचा. अर्धा बाजार शिराळ्याला नाग बघायला गेलेला. उरलेल्या अर्ध्या बाजारातून सकाळी दहापर्यंत एक कॉफी गेली, तीही हमालांच्या मुकादमानं घशात खवखव होती म्हणून मागितलेली. मी रडकुंडीला आले. सुभेदार कडक इस्त्रीच्या कपड्यांत, हातात किटली धरून, दारात ताठ उभे. मी म्हटलं, काका, आज कुणी येणार नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं? ते म्हणाले, "म्हाईत हुतं की. पयल्या दिशी कुणी नसावंच. चुका कुणी बघत न्हाई." आणि खरंच, त्या दिवशी दूध दोनदा उतू गेलं, पोपटाकडची तार तुटली आणि मी साखरेच्या जागी मीठ घातलं. बघायला कुणी नव्हतं.

दोन गोष्टी मात्र त्यांच्या नकाशात नव्हत्या. एक म्हणजे, त्यांची कडक कॉफी बाजाराला मानवली नाही. आठवडाभर लोकांनी भिडेखातर घेतली. मग एक दिवस बगळ्यानं फोनवर विचारलं, वहिनी, ती लग्नाकार्यात देतात तसली जायफळाची मिळंल का? मी चोरून केली. दुसऱ्या दिवशी पाच घंटा जायफळवालीसाठी वाजल्या. सुभेदारांनी पाच कप ताटलीत मांडले, एकदा वास घेतला आणि "औषध निघालं," एवढंच म्हणून चालू लागले. त्यानंतर मात्र स्वतः जाऊन गणपती पेठेतून चांगली जायफळं निवडून आणायचे तेच. पितळी डबा फक्त त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठी उरला. मी आजही तीच पिते.

दुसरी गोष्ट म्हणजे, किटली कोण पोचवणार याचा विचार कुणीच केला नव्हता. नवरा कॉम्प्युटरच्या क्लासबरोबर एका दुकानात अर्धवेळ लागला होता. पहिली घंटा वाजली, मी ऑर्डर घेतली, आणि सुभेदारांनी किटली उचलली. तेव्हापासून रोज तेच. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, गावात ज्याच्या घरावर पाटी, तो बाजारात कॉफी वाटतोय, हे कानावर गेल्यावर त्यांचा मुलगा साताऱ्याहून आला. गाळ्यासमोर बापाला म्हणाला, "आण्णा, लोकं काय म्हणतील?" सुभेदारांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "जरा बाजूला हो. घारीच्या कॉफीवर साय धरंल." आणि गेले. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला कॉफी दिली. मला लाज वाटली, पण खरं सांगायचं तर सुभेदार किटली खाली ठेवतील याची भीती लाजेपेक्षा जास्त होती.

दसरा आला तोवर दुकान पायावर उभं राहायला लागलं होतं. आणि तेव्हाच मी ती चूक केली.

सांगलीच्या हळदबाजारात तेव्हा जुनी माणसं अजून रुमालाखाली भाव करत. दोघांचे हात एका रुमालाखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा, तोंडानं एक शब्द नाही. शेजारी उभ्या असलेल्यालाही कळायचं नाही. अशा बाजारात सुभेदारांनी सहा पेढ्यांना मिळून एकच तार टाकली होती. ज्यानं रिसीव्हर उचलला त्याला सगळ्यांचं ऐकू यायचं. कॉफी मागायची तर त्यात लपवायचं काय, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. पण माणसाच्या हाताशी फोन आला की तो फक्त कॉफी मागत नाही. मोर आणि घार हे चुलतभाऊ, भागीदारीत व्यवहार करणारे. एका सकाळी हरिपूरच्या पेवातून, म्हणजे जमिनीखालच्या कोठारातून, निघालेली राजापुरी हळद बाजारात उतरली, मोठा माल होता. घंटा वाजली म्हणून मी ऑर्डर घ्यायला रिसीव्हर उचलला, तर कॉफीची मागणी नव्हती. मोर घारीला सांगत होता की या मालाला आपण कुठवर जायचं. मी लगेच ठेवून दिला. एवढंच केलं असतं तर काही झालं नसतं.

थोड्या वेळानं शेठ कॉफीला आले. नेहमीसारखं म्हणाले, काय वहिनी, बाजार काय म्हणतोय? ते रोज विचारायचे आणि मी रोज हसायची, कारण मला बाजारातलं काय कळत होतं? त्या दिवशी मला कळत होतं. चार महिन्यांपूर्वी जिला कुणी ओळखत नव्हतं, तिला आज बाजारातली एक आतली गोष्ट माहीत होती, आणि त्याची मला फुशारकी वाटली. मी बोलून गेले. राजापुरी आलीय म्हणे, आणि मोर अमुक आकड्यापर्यंत जाणार आहेत. शेठनी कप अर्धा ठेवला आणि गेले. अर्ध्या तासात तो माल शेठनी मोराच्या आकड्याहून किंचित वर जाऊन उचलला.

भाव फुटला, हे मोराला कळायला वेळ लागला नाही. दुपारी मोर, घार, चिमणी, बगळा आणि आणखी चारपाच जण गाळ्यासमोर उभे राहिले. कुणी आवाज चढवला नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. मोर म्हणाले, "आमचं बोलणं ह्या तारंवर झालं. भाईर गेलं. हितं फोनवर कोण बसतंय?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला वाईचं स्वयंपाकघर दिसलं. मी तोंड उघडलं होतं की नाही, मला आज आठवत नाही. पण माझ्या तोंडून आवाज आला नाही. सुभेदार रिकामी किटली घेऊन माझ्या मागून पुढे आले, किटली फळीवर ठेवली आणि सावधानमध्ये उभे राहिले.

"तार मी टाकली," ते म्हणाले. "तारंवर ऐकलं मी. शेठना बोललो मी. हिचा काय संबंध न्हाई."

मोरांना ते खरं वाटेना. सुभेदार, तुम्ही? असं त्यांनी दोनदा विचारलं. तेव्हा सुभेदार जरा हळू आवाजात म्हणाले, "फौजेत तारंवरची समदी मानसं एका बाजूची असत्यात. हितं तसं न्हाई, ते माझ्या ध्यानात आलं न्हाई. चूक माझी हाय."

शेठनी कुणाचं नाव घेतलं नाही. बाजारात तसं कुणी घेत नसतं. जाणत्या मंडळींनी बसून ठरवलं, की बाईंचा दोष नाही, त्यांनी दुकान चालवावं. सुभेदारांनी यापुढे कुठल्या पेढीची पायरी चढू नये. ज्या माणसाला अठ्ठावीस वर्षांत निरोप फोडल्याचा बोल लागला नव्हता, त्याला तो यार्डात सगळ्यांसमोर लागला. त्यांनी मान हलवली, ठरलेलं परत म्हणून दाखवलं, आणि त्याच दुपारी शिडी लावून सगळी तार स्वतःच्या हातानं उतरवली. मी गाळ्यात बसून बघत होते आणि गप्प होते. हे मी साध्या शब्दांत लिहिते, कारण मला दुसरं काही म्हणायला तोंड नाही. मी त्या दिवशी गप्प राहिले, दुसऱ्या दिवशी गप्प राहिले, आणि मग गप्प राहणं सोपं होत गेलं.

घरी त्यांनी नवा नकाशा काढला. आता प्रत्येक पेढीला वेगळी तार, आणि माझ्यासमोर सहा खटक्यांची एक फळी. एकाचं दुसऱ्याला ऐकू जायचं नाही. खांबावर चढला माझा नवरा, सुभेदार यार्डाच्या फाटकाबाहेर उभे राहून हातानं खुणा करत होते. आठ दिवसांत घंटा पुन्हा वाजायला लागल्या. नवऱ्यानं अर्धवेळचं काम सोडून किटली धरली. दिवाळीत आम्ही वाईला गेलो ते चार दिवसांचे पाहुणे म्हणून. सासऱ्यांनी स्वतः चारचौघांत सांगितलं, की धाकट्याच्या बायकोचं सांगलीत दुकान आहे. आणि त्या आनंदात मी माझी करंजी मुलीच्या ताटात सरकवली.

परत आलो तर सुभेदार ट्रंक भरत होते. मी विचारलं, कुठे? म्हणाले, "सातारा. पुढचा म्हैना आला की." त्यांना आता सांगलीत कुठे जायला उरलं नव्हतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गाळा आणि वरच्या खोल्या आमच्याकडेच राहिल्या.

दोन वर्षं दुकान नीट चाललं. गाळ्यात खरा टेलिफोन आला. रेघेच्या पलीकडच्या पेढ्याही फोन करायला लागल्या आणि किटलीला मी झाकण घेतलं. लोक म्हणायचे, वहिनी, नशीब काढलंत. मी हसायची, आणि मला वाटायचं, की हे दुकान मी कुणाच्या तरी ताटातून उचलून आणलंय. एका मंगळवारी सकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला काय सांगतेस? साताऱ्याला जा." त्या दिवशी त्याची कॉम्प्युटरची परीक्षा होती, दुकानात बसायला दुसरं कुणी नव्हतं. मी दुकानाला कुलूप लावलं आणि एस.टी. धरली.

सुभेदार मुलाच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते. जरा वाळले होते, पण दाढी गुळगुळीत आणि बूट चकचकीत. सुनेनं पाणी आणून दिलं आणि ती आत गेली. मी बसलेसुद्धा नाही. उभ्या उभ्याच सांगितलं, की काका, शेठना भाव मी सांगितला होता. तुमच्यावर आलं आणि मी गप्प बसले.

ते म्हणाले, "म्हाईत हाय. मी मागल्या दारात हुतो, रिकामी किटली घिऊन. तू बोलताना ऐकलं मी."

मी विचारलं, मग तुम्ही असं का केलंत? मला एका शब्दानं बोलला का नाहीत? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी सोळाशे तीस म्हणजे किती, ते विचारलं होतं.

"तुला दिवाळीपातुरची मुदत हुती," ते म्हणाले. "मला कसली मुदत हुती?"

मी रडले. भरपूर रडले, आणि त्यांनी मला रडू दिलं. मग मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, "आज वार मंगळवार. दुकानात कोण हाय?" मी म्हटलं, कुणी नाही, बंद ठेवून आले. त्यासरशी त्यांचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांत, सगळ्या बाजारासमोर बोल लागला तेव्हासुद्धा, मी त्यांना इतकं रागावलेलं पाहिलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवलंस? एवढं सांगायला? त्यांनी मला जेवूही दिलं नाही. सुनेनं भाकरी फडक्यात बांधून दिली आणि ते स्वतः मला स्टँडवर घेऊन आले. सांगलीची गाडी लागलेली होती. खिडकीशी उभं राहून त्यांनी मला दोनदा बजावलं, आणि मी ते परत म्हणून दाखवलं, की उतरल्यावर घरी न जाता थेट दुकान.

गाडी सांगलीत पोचली तेव्हा बाजार उठला होता. पेढ्यांची दारं ओढलेली, हमाल घरी निघालेले. मी कुलूप काढलं, स्टोव्ह पेटवला आणि पितळी डब्यात पूड घातली. तेवढ्यात फोन वाजला. साताऱ्याच्या कुठल्यातरी बूथवरून बोलत होते.

"उघडलंस?"

"उघडलं, काका."

"गिऱ्हाईक?"

"कुणी नाही. बाजार उठला."

"आसू दे. येळ संपस्तवर बसायचं." आणि त्यांनी फोन ठेवला.

बंद करायची वेळ सातची. मी सातपर्यंत त्या रिकाम्या गाळ्यात बसले. त्यानंतर एकही घंटा वाजली नाही, एकही कॉफी गेली नाही. पण नागपंचमीला उघडल्यापासून, हे दुकान माझं आहे असं मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं.